मात्रा हरवलेले औंढे : सी प्रोग्रॅम वापरकर्त्याची पसंती कशी जपतो?

लोणावळ्याजवळ, मावळ तालुक्यात औंढे नावाचे गाव आहे. कागदावर हे नाव लिहिले तर दोन अक्षरे होतात. संगणकाच्या लेखी मात्र ते बारा बाइटांचे आहे. युनिकोडमध्ये 'औ', अनुस्वार, 'ढ' आणि मात्रा असे चार संकेतांक. आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून एखाद्या प्रोग्रॅमरने गावाच्या नावासाठी दहा बाइटांची जागा राखली, तर शेवटची शून्याची खूण वगळता तीत नऊ बाइट मावतात आणि बिलावर छापले जाते 'औंढ'. मात्रा गेली, गावाचे नावही गेले. जागा बारा बाइटांची केली तरी भागत नाही. खुणेनंतर अकराच उरतात, मात्रेचे तीनपैकी दोनच बाइट बसतात आणि छपाईत तेथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. या नावाला तेरा बाइट लागतात.

ही चूक सी भाषा जाणणाऱ्याला किरकोळ वाटेल. परंतु वापरकर्त्याने एकदा सांगितलेली गोष्ट प्रोग्रॅमने जशीच्या तशी लक्षात ठेवावी, ही अपेक्षा किरकोळ नाही. गावाचे नाव, बिलाची भाषा, आकडे देवनागरी की इंग्रजी, कागदाची रुंदी, वस्तूंचे दर या साऱ्यांना संगणकाच्या परिभाषेत 'सेटिंग' म्हणतात. मराठी वापरकर्त्याच्या बाबतीत त्यातली पहिली पसंती स्वतःच्या भाषेचीच असते, आणि नेमकी तीच सर्वांत आधी हरवते.

एक साधे उदाहरण

औंढे येथील एखाद्या दुकानात चिक्की आणि किराणा विकला जातो, आणि बिलांसाठी सी भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम वापरला जातो, असे समजू. दुकानात सकाळी सासरे बसतात, संध्याकाळी सून. सासऱ्यांना देवनागरी आकडे हवेत, सुनेला इंग्रजी. संगणक एकच. प्रोग्रॅमने दोघांचीही पसंती पाळायची आहे, आणि उद्या दुकान उघडल्यावर ती पुन्हा विचारायची नाही.

सी भाषेत यासाठी तयार सोय नाही. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ही भाषा घडवली ती कार्यप्रणाली लिहिण्यासाठी. तिला फाइल उघडता येते, ओळ वाचता येते, शब्दांची तुलना करता येते. पसंती म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही. त्यामुळे प्रोग्रॅमर सहसा एक 'स्ट्रक्चर' तयार करतो. ही जणू वहीतली एक पानभर नोंद : भाषेसाठी एक रकाना, आकड्यांसाठी एक, गावासाठी एक. प्रोग्रॅम सुरू होताच या रकान्यांत आधी मूळ किमती भरायच्या आणि मग वापरकर्त्याने जे सांगितले असेल ते त्यांवर लिहायचे.

येथेच 'औंढे'चा दुसरा धोका आहे. जागा दहा बाइटांची असताना 'स्ट्रकॉपी' ही जुनी सूचना वापरली, तर ती जागा संपली म्हणून थांबत नाही. तेराच्या तेरा बाइट लिहिते. जादा बाइट शेजारच्या रकान्यात सांडतात. तो रकाना आकड्यांच्या पसंतीचा असेल, तर गावाचे नाव बदलल्यावर आकडे बिघडले असा चमत्कारिक अनुभव दुकानदाराला येतो. किंवा प्रोग्रॅम बंद पडतो. काय होईल याची हमी भाषा देत नाही. जागेची मर्यादा सांगणारी 'एसएनप्रिंटएफ' वापरली तर सांडलवंड टळते, पण मात्रा तुटू शकते. ही सूचना पूर्ण मजकुराला किती जागा लागली असती तो आकडा परत देते. तो तपासून 'नाव मावत नाही' असे सांगणे किंवा मोठी जागा घेणे, हाच प्रामाणिक मार्ग. तो आकडा तपासण्याचे कष्ट फार थोडे प्रोग्रॅमर घेतात.

'सी' नावाचे गाव

भाषेच्या पसंतीसाठी मात्र सीमध्ये एक सोय आहे आणि ती १९८९ च्या एएनएसआय प्रमाणापासून आहे. तिला 'लोकेल' म्हणतात. तारखा, आकडे, चलन, वर्णक्रम, अक्षरांचे प्रकार या गोष्टी प्रदेशानुसार बदलतात, हे त्यात मान्य केलेले आहे. मराठीसाठीचे नाव एमआर, भारतासाठीचे आयएन. दोन्ही जोडून मराठी-भारत लोकेल होतो.

पण प्रमाणातील एक वाक्य लक्षात घेण्यासारखे आहे. कोणताही सी प्रोग्रॅम सुरू होतो तो 'सी' नावाच्याच लोकेलमध्ये. संगणकाच्या मालकाने मराठी निवडलेली असो वा जपानी, प्रोग्रॅमला त्याचा पत्ता नसतो. 'सेटलोकेल' ही सूचना रिकाम्या नावासह दिली, म्हणजे 'मालकाने जे निवडले असेल ते घे' असे सांगितले, तरच तो मालकाची निवड पाहतो. ही एक ओळ आहे. ती नसेल तर वाराचे नाव इंग्रजीत छापले जाते, आणि मराठी भाषांतर संगणकात असूनही पडद्यावर येत नाही.

ओळ आहे, पण तिचा निकाल पाहिला नाही, हा पुढचा प्रमाद. संगणकावर मराठी लोकेल बसवलेलाच नसेल तर ही सूचना रिकाम्या हाताने परतते आणि प्रोग्रॅम मुकाट्याने 'सी'मध्येच राहतो. लिनक्सच्या अनेक मांडण्यांत जागा वाचवण्यासाठी मोजकेच लोकेल बसवतात, त्यामुळे हा प्रकार दुर्मीळ नाही. वापरकर्त्याने मराठी निवडली, ती निवड जपूनही ठेवली गेली, आणि तरी पडदा इंग्रजीच. अशा वेळी एक ओळीचा खुलासा छापला तरी माणसाचा अर्धा दिवस वाचतो.

लोकेलचे भाग वेगवेगळे निवडता येतात, हे त्याचे खरे बळ. संदेशांसाठी मराठी, आकड्यांसाठी दुसरे काही, असे करता येते. वर सांगितलेल्या सुनेची पसंती नेमकी हीच आहे : मजकूर मराठी, आकडे इंग्रजी. 'मराठी निवडले म्हणजे आकडेही देवनागरी' असे गृहीत धरणारा प्रोग्रॅम तिला गैरसोयीचा, आणि उलट गृहीत धरणारा सासऱ्यांना. म्हणून भाषा आणि आकडे यांना दोन वेगळे रकाने हवेत. जीएनयूच्या सी ग्रंथालयात आकडा छापण्याच्या सूचनेत एक जादा अक्षर घातले की लोकेलमध्ये नोंदलेले पर्यायी अंक छापले जातात. पण ही सोय त्या ग्रंथालयापुरती आहे, सी भाषेच्या प्रमाणात नाही.

वर्णक्रमाचेही तसेच. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडचा देवनागरी तक्ता १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतपद्धतीवरून घेतलेला आहे आणि त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगोलग बसवलेला आहे. परिणामी 'स्ट्रकम्प' ही केवळ बाइट पाहणारी सूचना उधारीच्या यादीत काळे यांना कासारांच्या आधी बसवते. वर्णमालेप्रमाणे कासार आधी, काळे नंतर. 'स्ट्रकोल' ही दुसरी सूचना लोकेलमध्ये नोंदलेला क्रम पाळते. ज्या तालुक्याच्या आणि ज्या शहराच्या नावातच 'ळ' आहे, तेथे हा फरक रोज डोळ्यांत खुपणारा.

अक्षरांच्या वळणाचा प्रश्न याच जातीचा. मराठी छपाईतील 'श' आणि 'ल' हिंदीतील वळणाहून वेगळे दिसतात. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुल्या केलेल्या 'लोहित' या फॉन्टमालिकेत मराठीसाठी वेगळा फॉन्ट होता, तो यासाठीच. पुढे या मालिकेचे काम कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी सांभाळले आणि २०११ मध्ये ती ओपन फॉन्ट परवान्याखाली आली. मजकूर मराठी आहे की हिंदी, हे प्रोग्रॅमने सांगितले नाही तर योग्य वळण निवडणे फॉन्टलाही शक्य होत नाही.

शेवटचा शब्द कोणाचा?

लग्नाच्या पंगतीत मीठ, लिंबू, चटणी न विचारता वाढली जाते. भात किती, पोळी की पुरी, हे जेवणारा सांगतो. आणि 'पुरे' हा शेवटचा शब्द त्याचाच असतो. पसंतीचा क्रमही असाच लावतात. सर्वांत खाली प्रोग्रॅममधल्या मूळ किमती. त्यावर संपूर्ण संगणकासाठीची फाइल. त्यावर त्या त्या वापरकर्त्याची स्वतःची फाइल. त्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना भोवतालातून मिळणाऱ्या किमती. आणि सर्वांत वर, प्रोग्रॅम सुरू करताना त्या वेळेपुरते दिलेले पर्याय. वरचा थर खालच्याला झाकतो.

जीएनयूच्या भाषांतर व्यवस्थेत या विचाराचा एक सुंदर नमुना आहे. तेथे वापरकर्त्याला भाषांची उतरंडच सांगता येते : आधी मराठी, ती नसेल तर हिंदी, तीही नसेल तर इंग्रजी. ज्या वाक्यसंग्रहाचे मराठी भाषांतर नाही तेथे एकदम इंग्रजीवर उडी न मारता मधली पायरी मिळते. 'मराठी' की 'इंग्रजी' असा दोनच पर्यायांचा प्रश्न विचारणाऱ्या कितीतरी प्रोग्रॅमांना हे अजून सुचलेले नाही.

थर लावणे सोपे, ते वेगळे राखणे अवघड. बहुतेक छोटे प्रोग्रॅम सगळे थर एकाच स्ट्रक्चरमध्ये ओततात आणि बंद होताना ते सगळेच्या सगळे वापरकर्त्याच्या फाइलीत लिहून टाकतात. मग सुनेने एका ग्राहकासाठी, त्या एका वेळेपुरते, इंग्रजी बिल काढले, तर ती निवड कायमची होऊन बसते. शिवाय मूळ किमतींपैकी एखादी प्रोग्रॅमच्या पुढच्या आवृत्तीत सुधारली, तरी जुनी किंमत फाइलीत गोठलेली असल्याने सुधारणा कधीच पोहोचत नाही. उपाय असा की प्रत्येक रकान्याशेजारी ही किंमत कोणत्या थरातून आली याची खूण ठेवायची, आणि फाइलीत फक्त तेवढेच लिहायचे जे वापरकर्त्याने स्वतः, कायमसाठी, बदलले आहे.

ही फाइल ठेवायची कोठे, याचे उत्तर आता बरेच ठरलेले आहे. लिनक्सवर प्रत्येक वापरकर्त्याच्या घरच्या निर्देशिकेत 'कॉन्फिग' नावाची, बिंदूने सुरू होणारी आणि म्हणून सहसा न दिसणारी निर्देशिका असते. विंडोजवर 'अ‍ॅपडेटा' किंवा रजिस्ट्री. प्रोग्रॅमच्या शेजारीच फाइल ठेवण्याची जुनी सवय सासरे-सुनेच्या दुकानात चालणार नाही. तेथे दोघांची फाइल एकच होते.

वहीतल्या ओळी

फाइलीचे सर्वांत साधे रूप म्हणजे ओळीला एक पसंती : आधी नाव, मग बरोबरचे चिन्ह, मग किंमत. 'गाव=औंढे', 'आकडे=देवनागरी', 'दर=२५०' अशी. ही नावे मराठीत ठेवायला हरकत नाही. यूटीएफ-८ची रचनाच अशी आहे की देवनागरी अक्षराच्या तीन बाइटांत बरोबरच्या चिन्हाचा किंवा ओळ संपल्याचा बाइट कधीही लपलेला नसतो. त्यामुळे सी प्रोग्रॅम नेहमीप्रमाणे चिन्ह शोधतो आणि ओळ दुभंगतो. दुकानदाराला फाइल उघडून वाचता येते, हा लाभ मोठा.

वाचता येते म्हणजे बदलताही येते, आणि तेथून गमती सुरू होतात. विंडोजचे नोटपॅड पूर्वी यूटीएफ-८ फाइल जतन करताना सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन अदृश्य बाइट घालत असे. २०१९ पासून ते आपणहून घालत नाही, पण तशा फाइली अजून फिरत असतात. पहिल्या ओळीत 'गाव' आहे असे डोळ्यांना दिसते, प्रोग्रॅमला मात्र ते 'गाव' वाटत नाही. पहिली पसंती लागू होत नाही, बाकीच्या होतात. हे तीन बाइट असतील तर सुरुवातीलाच गाळावेत.

'औ' हे अक्षर काही जण 'अ' लिहून त्याला मात्रा-काना जोडून उमटवतात. दिसायला सारखेच. पण ते पाच संकेतांकांचे, पंधरा बाइटांचे वेगळे नाव झाले, आणि युनिकोड या दोहोंना समान मानत नाही. शोधात हे औंढे ते औंढे सापडत नाही. अशा जोड्या वाचतानाच एकरूप करून घेणे प्रोग्रॅमरच्या हाती आहे.

आकड्यांचा घोटाळा सर्वांत महागाचा. सीमधील 'एटॉय' ही सूचना शब्दाचा आकडा करते, पण तिला इंग्रजी अंकच ओळखता येतात. दुकानदाराने देवनागरीत २५० लिहिले तर ती शून्य परत देते आणि काही चुकले असे सांगतही नाही. चिक्कीचा दर शून्य होतो. 'स्ट्रटोल' ही सूचना वाचन कोठे थांबले तेही कळवते. पहिल्याच अक्षरावर थांबले असेल तर आकडा वाचलाच गेला नाही हे उमगते. खरा उपाय आणखी सोपा आहे. देवनागरी शून्य ते नऊ हे २२४, १६५ आणि मग १६६ ते १७५ असे बाइट असतात. दहा ओळींत त्यांचे इंग्रजी अंक करून घेता येतात आणि मग नेहमीची सूचना चालते. ज्याने मराठी निवडले त्याने मराठी आकडा लिहिला तर तो चुकीचा कसा?

ओळीच्या टोकाची मोकळी जागा काढण्यासाठी 'आयस्पेस' वापरतात. तिला देवनागरीचा बाइट जसाच्या तसा दिला, तर अनेक संगणकांवर तो ऋण आकडा म्हणून पोहोचतो. आणि त्याचे काय होईल हे प्रमाणाने सांगितलेले नाही. 'अनसाइन्ड' करून देणे एवढीच खबरदारी. इंग्रजी मजकुरावर तपासलेल्या प्रोग्रॅममध्ये ही चूक वर्षानुवर्षे झोपून राहते.

स्वल्पविरामाचा प्रश्न

हाच प्रोग्रॅम दुकानदाराच्या जर्मनीत गेलेल्या नातलगाने तेथे वापरला तर? भारतात दशांशासाठी बिंदू, जर्मनीत स्वल्पविराम. संगणकाचा लोकेल जर्मन असेल आणि प्रोग्रॅमने मालकाची निवड इमानाने उचलली असेल, तर आकडे वाचणारी सूचनाही स्वल्पविरामाची वाट पाहते. फाइलीत 'दीड किलो' हे बिंदूने लिहिलेले असेल तर ती 'एक'वर थांबते. अर्धा किलो गायब. मावळात ही चूक कधीच दिसणार नाही, कारण तेथे बिंदू चालतो.

वापरकर्त्याला दाखवायचा आकडा त्याच्या पसंतीचा असावा, फाइलीत ठेवायचा आकडा मात्र कोणाच्याही पसंतीचा नसावा. किलोऐवजी ग्रॅम, रुपयांऐवजी पैसे असे पूर्णांक ठेवले तर दशांशाचा प्रश्नच मिटतो. पूर्वीच्या रोकडवह्यांत रुपये, आणे, पै यांचे वेगळे रकाने असत. तो शहाणपणा येथे उपयोगी पडतो.

वीज जाते तेव्हा

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने २००० नंतरच्या दशकात भारनियमनाचे तासन्‌तास अनुभवले आहेत, आणि घाटमाथ्याच्या पावसात वीज जाणे नवलाचे नाही. पसंतीची फाइल लिहिता लिहिता वीज गेली तर? जुनी फाइल पुसून तीच नव्याने लिहिणारा प्रोग्रॅम त्या क्षणी रिकामी फाइल मागे ठेवतो. नवेही नाही, जुनेही गेले.

हे २००९ मध्ये मोठ्या प्रमाणावर घडले. लिनक्सची 'ईएक्सटी-४' ही नवी फाइलप्रणाली तेव्हा नुकतीच स्थिर ठरली होती. उबुंटूच्या ९.०४ आवृत्तीची चाचणी करणाऱ्यांच्या असे लक्षात आले, की संगणक अचानक बंद पडल्यास त्यांच्या पसंतीच्या फाइली शून्य बाइटांच्या होऊन जातात. नवी फाइलप्रणाली मजकूर प्रत्यक्ष तबकडीवर उतरवायला आधीच्या प्रणालीपेक्षा अधिक वेळ घेत होती, आणि असंख्य प्रोग्रॅम 'लिहिले म्हणजे उतरले' असे मानून चालले होते. या प्रणालीचे प्रमुख विकसक थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे, की दोष मजकूर उतरवून न घेणाऱ्या प्रोग्रॅमांचा आहे. नियमाने ते बरोबर होते. तरीही वापरकर्त्यांची बाजू पाहून लिनक्सच्या जून २००९ मधील २.६.३० आवृत्तीत फाइलप्रणालीलाच सावधगिरी शिकवण्यात आली.

सी प्रोग्रॅमरसाठी यातून आलेली पद्धत अशी : नवा मजकूर त्याच निर्देशिकेत वेगळ्या नावाच्या फाइलीत लिहायचा, प्रत्येक सूचनेचा निकाल तपासायचा, 'एफसिंक'ने तो तबकडीवर उतरवून घ्यायचा, आणि मग 'रिनेम'ने तिला जुन्या फाइलीचे नाव द्यायचे. युनिक्स वळणाच्या प्रणालींवर हे नाव बदलणे एका झटक्यात होते. वाचणाऱ्याला जुनी फाइल तरी पूर्ण मिळते किंवा नवी तरी. विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर सीमधील 'रिनेम' नकार देते. तेथे विंडोजची स्वतःची वेगळी सूचना वापरावी लागते.

हे सारे स्वतः लिहिण्याऐवजी तयार ग्रंथालय घेणेही शहाणपणाचे. जीलिब या ग्रंथालयात २००४ पासून अशा ओळींच्या फाइली वाचण्या-लिहिण्याची सोय आहे, आणि २०१० पासून 'जीसेटिंग्ज' ही पुढची व्यवस्था. तीत प्रत्येक पसंतीचा प्रकार, मूळ किंमत आणि मर्यादा आधीच घोषित कराव्या लागतात. दरात शून्य खपवून घ्यायचा नसेल तर तसे तेथेच बजावता येते.

राहता राहिली जुन्या-नव्या आवृत्त्यांची गाठ. फाइलीच्या पहिल्या ओळीत रचनेचा क्रमांक ठेवावा, आणि अनोळखी ओळ दिसली तर ती फेकून न देता लिहिताना परत तशीच उतरवावी. सुनेच्या संगणकावर नवी आवृत्ती आणि सासऱ्यांच्या जुन्या संगणकावर जुनी असेल, व फाइल पेनड्राइव्हवरून इकडे-तिकडे जात असेल, तर जुन्या प्रोग्रॅमने नव्याच्या पसंती पुसू नयेत यासाठी हे आहे. तयार प्रोग्रॅम तपासताना गावाच्या रकान्यात आधी 'औंढे' आणि मग 'लोणावळा' भरून पाहावे. दुसऱ्या नावाला एकवीस बाइट आणि शेवटची खूण लागते.